हँडब्रेक: हाताचे बळ आणि मिलिमीटरचा हिशेब

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, उताराच्या एका गल्लीत आमचे घर आहे. बहिणीकडे पोचवायची तांदळाची दोन पोती गाडीत ठेवायची होती. गाडी दारासमोर उभी होती, तोंड उताराच्या दिशेने. हँडब्रेक ओढलेला होता. गिअर मात्र न्यूट्रलमध्ये होता. ही चूक माझीच. दोन्ही पोती डिकीत ठेवली आणि डिकीचे दार जोरात आपटून बंद केले. त्याच क्षणी गाडी हळूच पुढे सरकली आणि चालू लागली!

गल्लीच्या खालच्या टोकाला पाच-सहा मुले क्रिकेट खेळत होती. शेजारच्या काकू ओट्यावरून ओरडल्या, "पोरांनो, बाजूला व्हा! गाडी आली!" मुले पांगली. सुदैवाने वाटेत बांधकामासाठी रचलेला विटांचा ढीग होता. गाडी त्यावर जाऊन थांबली. पुढचा बंपर चेपला, पन्नासएक विटा फुटल्या, एवढ्यावरच निभावले.

लाजिरवाणी गोष्ट अशी, की महिन्यापूर्वी हाच हँडब्रेक मी स्वतः 'दुरुस्त' केला होता. वीस वर्षे तरफेचा नियम शिकवणाऱ्या माणसाने तो केला होता. मग चूक कोठे झाली? तिचा शोध घेताना हँडब्रेकचे जे शास्त्र मला नव्याने कळले, ते आज तुम्हांला सांगणार आहे.

गाडीला खाली ओढणारे बल

प्रथम साधे गणित करू. गाडीचे वस्तुमान ८०० किलोग्रॅम धरू. रस्ता असा आहे, की त्यावरून ८ मीटर गेल्यावर आपण १ मीटर खाली उतरतो. तर गाडीला उताराच्या दिशेने ओढणारे बल किती?

८०० × ९.८ × १/८ = ९८० न्यूटन.

म्हणजे जवळजवळ १०० किलोग्रॅम वजनाइतके. हे बल रात्रंदिवस, क्षणभरही न थकता गाडीला ओढत असते. हँडब्रेकला ते तितक्याच चिकाटीने अडवावे लागते.

समजा, ते अडवले गेले नाही. अशा उतारावर २० मीटर घरंगळताना गाडी २.५ मीटर खाली येते. चाकांचे किरकोळ घर्षण सोडून दिले, तर तिचा वेग √(२ × ९.८ × २.५) म्हणजे सेकंदाला ७ मीटर होईल, ताशी सुमारे २५ किलोमीटर. इंजिन बंद, आत कोणी नाही, हॉर्न वाजवणाराही नाही. आमच्या गल्लीत काय होऊ शकले असते, ते या एका आकड्यावरून ध्यानात येईल.

ब्रेकच्या आत काय असते?

पायाने दाबायचा ब्रेक द्रवाच्या दाबावर चालतो. पास्कलच्या नियमाप्रमाणे पायाचा दाब नळ्यांतील तेलामार्फत चाकांपर्यंत पोचतो. परंतु एखादी नळी फुटली किंवा तेल गळाले, तर दाबच नाहीसा होतो. शिवाय पाय काढला की हा ब्रेक सुटतो. म्हणून गाडी उभी ठेवण्यासाठी, आणि पायाचा ब्रेक दगा देईल तेव्हा उपयोगी पडावी म्हणून, दुसरी स्वतंत्र व्यवस्था लागते. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसारही मोटारीला पायाचा ब्रेक आणि उभ्या गाडीसाठीचा ब्रेक अशा दोन व्यवस्था आवश्यक आहेत.

बहुतेक छोट्या मोटारींत हा दुसरा ब्रेक पूर्णपणे यांत्रिक असतो. चालकाच्या बाजूला एक दांडा असतो. त्याच्या बुडाशी दातेरी पट्टी आणि त्या दातांत अडकणारी खिटी असते. दांडा वर ओढताना जो 'कट् कट्' आवाज येतो, तो खिटी एकेका दातावरून पुढे सरकण्याचा. टोकाचे बटण दाबले की खिटी उचलली जाते आणि दांडा सुटतो.

दांड्यापासून पोलादी तारांची केबल मागे जाते. ती एका आडव्या पट्टीला जोडलेली असते. ही पट्टी तराजूच्या दांडीसारखी काम करते आणि ओढ मागच्या दोन चाकांत समान वाटते. तेथून निघणाऱ्या दोन केबली आवरणातून चाकांपर्यंत जातात. तुमच्या सायकलच्या ब्रेकची केबल हीच. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये अशा केबलचे पेटंट घेतले. वळणावळणाने जाऊनही ओढ पोचवणे, ही तिची खुबी.

मागच्या चाकाबरोबर फिरणारे ओतीव लोखंडाचे एक भांडे असते. त्याला ड्रम म्हणतात. ड्रमच्या आत अर्धचंद्राकार असे दोन 'शू' बसवलेले असतात. त्यांच्या पाठीवर घर्षण करणारे अस्तर चिकटवलेले असते. कारागीर त्याला लायनर म्हणतात. केबल ओढली गेली, की आतील एक छोटी तरफ दोन्ही शूंना एकमेकांपासून दूर ढकलते. शू ड्रमच्या आतल्या भिंतीवर दाबले जातात आणि चाक जखडते.

बळ वाढते, पण फुकट नाही

आता ९८० न्यूटन अडवायला ड्रमवर किती घर्षण हवे ते पाहू. टायरची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि ड्रमची ९ सेंटिमीटर धरू. ड्रम लहान असल्यामुळे तेथे बल जास्त लागणार:

९८० × २५/९ = सुमारे २७२० न्यूटन.

आपला हात आरामात २०० न्यूटनने दांडा ओढू शकतो. एवढ्याशा बलाने हे कसे साधायचे? उत्तर तुम्हांला ठाऊक आहे: तरफ! हातातील दांडा बल ७ पट करतो, असे धरू. केबलमध्ये १४०० न्यूटन ओढ येईल. आडवी पट्टी ती निम्मी-निम्मी वाटेल. प्रत्येक चाकाला ७०० न्यूटन. ड्रममधील छोटी तरफ ते आणखी ५ पट करील. म्हणजे शूंना ढकलणारे बल ३५०० न्यूटन. अस्तराचा घर्षणांक ०.३५ आणि प्रत्येक शूवरचा दाब निदान तेवढाच मानला, तर दोन शूंचे मिळून एका ड्रमवर २४५० न्यूटन आणि दोन्ही चाकांवर ४९०० न्यूटन घर्षण मिळेल. हवे होते २७२०. म्हणजे बळ भरपूर झाले. (आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्येक गाडीत ते थोडे वेगळे असतात.)

येथवर मलाही ठाऊक होते. पुढची पायरी मी विसरलो होतो. तरफ बल वाढवते, कार्य वाढवत नाही. बल जितके पट वाढते, तितके पट अंतर कमी होते. हात १४ सेंटिमीटर सरकला, तर केबल २ सेंटिमीटर सरकणार, आणि ड्रममध्ये शूंची टोके एकमेकांपासून अवघी ४ मिलिमीटर दूर जाणार. ताळा करून पाहा. हाताचे कार्य २०० × ०.१४ = २८ ज्यूल. दोन चाकांतील कार्य २ × ३५०० × ०.००४ = २८ ज्यूल. दमडीचाही फायदा नाही!

म्हणजे आपल्या हातात खर्चायला फक्त ४ मिलिमीटर आहेत. तेही दोन शूंत वाटायचे. शिवाय केबलचा ढिलेपणा, तारांचा ताण, सांध्यांतील फटी हे सर्व त्यातूनच वजा होते. अशा वेळी अस्तर एक मिलिमीटर झिजले, तरी केवढा मोठा हिस्सा गेला! हाताच्या वाव्यातील बहुतेक भाग मग नुसती फट भरण्यात जातो आणि दाब देण्याची वेळ येते तेव्हा दांडा शेवटच्या दातावर पोचलेला असतो. हँडब्रेक 'वर चढतो' म्हणतात, तो हाच प्रकार.

माझी चूक

माझ्या गाडीचे असेच झाले होते. पूर्वी पाच-सहा खटक्यांत लागणारा ब्रेक दहा खटक्यांवर गेला. दांड्याच्या बुडाशी केबल ताणण्याचा नट असतो. मी तो पाना लावून फिरवला. दहा मिनिटांत ब्रेक पुन्हा पाच खटक्यांवर आला. मला फार समाधान वाटले.

विटांच्या ढिगावरून गाडी काढल्यावर मी ती ओळखीच्या मिस्त्रींकडे नेली. माझी हकिगत ऐकून ते म्हणाले, "सर, केबल ताणून काय उपयोग? झिजलंय आत, आणि तुम्ही ओढताय बाहेरून." त्यांनी मागचे ड्रम उघडले.

आत दोन गोष्टी सापडल्या. पहिली म्हणजे, अस्तरे झिजली होती आणि शू व ड्रम यांतील फट वाढली होती. आता, अनेक गाड्यांत ही फट आपोआप भरून काढणारी योजना असते. दोन शूंच्या मधली आडवी दांडी झीज होईल तशी थोडी थोडी लांब होते. परंतु त्यासाठी ब्रेक सोडल्यावर आतली तरफ मूळ जागी पूर्ण परत यावी लागते. मी केबल इतकी ताणली होती, की तरफ कायम अर्धवट ओढलेली राहिली. त्यामुळे आपोआप होणारी जुळवणीच बंद पडली! मी ज्याला दुरुस्ती समजत होतो, तिने रोग वाढवला आणि लक्षण तेवढे झाकले.

दुसरी गोष्ट, डाव्या बाजूची केबल पावसाळ्यात गंजून आवरणात अडकत होती. आडवी पट्टी तिला निम्मी ओढ देत होती. पण ती गंजाशी झगडण्यातच संपत होती. म्हणजे खरा भार एकट्या उजव्या चाकावर. आपल्या गणिताप्रमाणे त्याचे घर्षण २४५० न्यूटन. डावीकडून, समजा, ३०० मिळाले. एकूण २७५०. लागत होते २७२०. गाडी अगदी काठावर उभी होती.

मग मी डिकीत ५० किलोग्रॅम तांदूळ ठेवले. खाली ओढणारे बल सुमारे ६० न्यूटनने वाढले आणि ड्रमवर लागणारे घर्षण २८९० च्या घरात गेले. तुम्ही म्हणाल, वजन वाढले की घर्षणही वाढते ना? वाढते, पण ते टायर आणि रस्ता यांच्यामधले. ड्रमच्या आतील दाब केबल ठरवते, त्याला डिकीतल्या तांदळाचा पत्ता नसतो. त्यात दार आपटल्याचा हिसका बसला. एकदा पृष्ठभाग सरकू लागले, की घर्षण साधारणपणे आणखी कमी होते. स्थितिक घर्षण संपले, गतिक घर्षण सुरू झाले आणि गाडी निघाली.

जुळवणीचा योग्य क्रम

मिस्त्रींनी जो क्रम पाळला, त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: आधी आतली फट, शेवटी केबल.

सपाट जमिनीवर गाडी उभी करून त्यांनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. मागचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नये. हा नियम मोडल्याने माणसे दगावली आहेत. हँडब्रेक पूर्ण सोडून त्यांनी प्रथम केबलचा नट सैल केला. मग ड्रम काढले. आतली धूळ त्यांनी फुंकली नाही किंवा हवेने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

नवे शू बसवले. डावी केबल बदलली. आडव्या दांडीवरील दातेरी चाकी फिरवून शू ड्रमच्या जवळ आणले. चाक हाताने फिरवताना हलकी घासण जाणवली, तेव्हा चाकी थोडी उलटी फिरवून चाक मोकळे केले. मग पायाचा ब्रेक काही वेळा दाबला, म्हणजे शू आपापल्या जागी बसले. एवढे झाल्यावर शेवटी त्यांनी केबलच्या नटाला हात लावला. ढिलेपणा जाईल इतकाच तो आवळला आणि वरून दुसरा नट घट्ट केला, म्हणजे पहिला आपोआप सैल होणार नाही.

तपासणी दोन टोकांची असते. दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही चाके हाताने मोकळी फिरली पाहिजेत. दांडा ठरलेल्या खटक्यांपर्यंत ओढल्यावर दोन्ही चाके सारखीच जखडली पाहिजेत. खटके किती, ते गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेले असते. पुष्कळ गाड्यांत ते चार ते सात असतात.

लक्षणांवरून रोग ओळखा

डॉक्टर नाडी पाहतात तशी काही चिन्हे आपल्यालाही पाहता येतात.

दांडा फार वर येतो आणि पायाचा ब्रेकही खोल जातो: शू आणि ड्रम यांतील फट वाढली असावी. पायाचा ब्रेक खोल जाण्याची कारणे इतरही असतात, म्हणून तपासणी लगेच करावी.

दांडा वर येतो, पण पायाचा ब्रेक उत्तम आहे: केबल लांबली किंवा सैल झाली असावी. येथे केबल आवळणे योग्य.

दांडा थोड्याच खटक्यांत घट्ट होतो, पण गाडी उतारावर सरकते: केबल गंजून अडकली असेल, किंवा अस्तराला तेल लागले असेल. तेल लागलेल्या अस्तराचा घर्षणांक घसरतो, मग दाब कितीही असो.

दांडा सोडला तरी चाक अडते, ड्रम तापतो, जळका वास येतो: केबल परत येत नाही, किंवा ती जास्त ताणलेली आहे. तापलेल्या ड्रमला हात लावू नये.

दांडा ओढून ठेवलेला एकाएकी खाली पडतो: दाते किंवा खिटी झिजली आहे. अशी गाडी दुरुस्तीशिवाय उतारावर उभी करू नये.

दांडा खाली असूनही समोरचा लाल दिवा जळतो: बहुतेकांना वाटते, दिव्याचे बटण बिघडले. परंतु अनेक गाड्यांत ब्रेकचे तेल कमी झाले तरी तोच दिवा लागतो. म्हणून आधी तेल पाहावे.

कोकणातल्या पावसात आणखी एक गंमत होते. गाडी हँडब्रेक लावून दोन-तीन आठवडे उभी राहिली, तर ओले अस्तर ड्रमच्या गंजाला चिकटून बसते आणि चाक फिरतच नाही. इतके दिवस गाडी उभी ठेवायची असेल, तर सपाट जागेवर, गिअर टाकून आणि चाकांना ठोकळे लावून ठेवणे बरे.

संकटकाळी काय करावे?

चालत्या गाडीत पायाचा ब्रेक निकामी झाला, तर हँडब्रेक एकदम खसकन ओढू नये. वेग कमी होताना गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. ती चटकन जखडतात. जखडलेले चाक रस्त्यावर घसरते, आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा सांभाळता येत नाही. गाडीचे शेपूट पुढे येऊ पाहते. म्हणून टोकाचे बटण दाबूनच ठेवावे, दांडा हळूहळू ओढावा, चाक घसरू लागले तर थोडा सोडावा, आणि त्याच वेळी गिअर क्रमाक्रमाने खाली आणावेत. हँडब्रेकने मागचे ब्रेकचे दिवे लागत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

आणि गाडी उभी करताना कोणत्याही एका गोष्टीवर विसंबू नये. चढाकडे तोंड असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकावा. मग इंजिनाचा विरोधही चाकांना धरून ठेवतो. पुढची चाके अशी वळवावीत, की गाडी सुटलीच तर रस्त्याच्या कडेला अडेल. तीव्र उतारावर चाकाला दगडही लावावा. मात्र निघताना तो रस्त्यातून उचलायला विसरू नये. आजच्या अनेक नव्या गाड्यांत दांड्याऐवजी बटण असते आणि छोटी विद्युत मोटर ब्रेक आवळते. तेथे दुरुस्ती कार्यशाळेतच करावी. परंतु उतार, घर्षण आणि झीज यांचे नियम तेथेही बदललेले नाहीत.

घरी करून पाहण्यासारखे

मोटारीच्या ब्रेकला विद्यार्थ्यांनी स्वतः हात लावू नये. जाणत्या कारागिराशेजारी उभे राहून पाहावे. प्रयोगासाठी केबलचा ब्रेक असलेली सायकल उत्तम. ब्रेकचा दांडा टोकाशी किती सेंटिमीटर सरकतो आणि रबरी गुटका किती मिलिमीटर सरकतो, ते पट्टीने मोजा. दोहोंचे गुणोत्तर काढा. मग केबलचा नट एक फेरा सैल करून पुन्हा मोजा. गुटका रिमला टेकेपर्यंत दांड्याचा किती वाव वाया गेला? प्रयोग झाल्यावर नट पूर्ववत करायला मात्र विसरू नका. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करून घेतला, तर 'यांत्रिक फायदा' या शब्दामागे दडलेला खर्चही मुलांना दिसेल.

घरी मोटार असेल, तर आणखी एक काम करा. आज संध्याकाळी बाबा किंवा आई गाडी उभी करतील, तेव्हा हँडब्रेकचे खटके मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. दर महिन्याला एकदा मोजा. आकडा पाचाचा सात, साताचा नऊ होऊ लागला, तर घरात सांगा. आमच्या गल्लीतल्या विटांचा ढीग आता उचलला आहे. तेथे घर उभे राहिले आहे, आणि मुले तेथेच क्रिकेट खेळतात. माझ्या गाडीचे खटके सध्या पाच आहेत. मी ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजतो.